सुभेदारकाकांची गैरहजेरी

सुभेदारकाका कुणाकडे जेवायला आले की हात धुऊन होताच एक काम करत. सुट्टीवर आलेल्या त्या घरच्या फौजीला ते घराबाहेर काढत. "चल, ऊठ. आता तू नाय हायस," असं म्हणत आणि त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला दाराबाहेर नेऊन बसवत. बसायला चिकूचा रिकामा क्रेट असे. मग आत येऊन ओटीवर मांडी ठोकत, चष्मा नाकावर घेत आणि घरच्या बायकांना विचारत, "हां. तो गेला. आता सांगा, पंपाचा स्टार्टर कुठे हाय?"

या प्रकाराला ते 'गैरहजेरी घेणं' म्हणत. पलटणीत रोज सकाळी हजेरी होते, तशी घरात वर्षातून एकदा गैरहजेरी व्हायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. कर्ता माणूस नाही असं समजायचं आणि घर चालवून बघायचं. तास-दीड तास. त्याला काही विचारायचं नाही, त्याने काही सांगायचं नाही. घिवलीपासून सरावलीपर्यंत, ज्या ज्या घरातला पोरगा फौजेत होता, त्या त्या घरात काकांनी ही गैरहजेरी घेतलेली आहे. त्यामुळे गावात त्यांचं नावही तेच पडलं. "गैरहजेरी येतेय," असं कुणी म्हटलं की समजायचं, काका सायकलवरून निघालेत.

माणूस दिसायला अजिबात सुभेदार वाटत नसे. बुटका, पोट सुटलेला, मिशी नावापुरती. फौजेत त्यांनी बंदुकीपेक्षा टाइपरायटर जास्त चालवला होता. पलटणीच्या ऑफिसात ते क्लार्क होते आणि गेलेल्या जवानांच्या घरच्यांची कागदपत्रं त्यांच्या टेबलावर यायची. याबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदाच बोलले, आमच्या ओटीवर, चहा बशीत ओतताना. "एका जवानाची आय आणि बायको माझ्याकडे आल्या होत्या. दोघी एका गाडीनं आल्या. एका डब्यातली चपाती मोडून खाल्ली माझ्यासमोर. मी कागद वाचून दाखवला. त्यानं भरतीच्या वेळी आयचं नाव लावलेलं, लग्न झाल्यावर बदललंच नव्हतं. जाताना दोघी दोन गाड्यांनी गेल्या." मग बशी संपवली आणि म्हणाले, "त्या दोघींत वाईट कोणीच नव्हती रे."

त्यांचं एक वाक्य आमच्याकडे अजून म्हणीसारखं वापरतात. "आय आणि बायको एका ताटात जेवत असतील, पण कागदावर दोघींना वेगळं ताट वाढायचं. मग खरं ताट शेवटपर्यंत एक ऱ्हातं." आणि नॉमिनीचं नाव लावलं म्हणजे सगळं झालं असं समजणाऱ्यांना ते हात जोडत. "नॉमिनी म्हणजे पोस्टमन. मनिऑर्डर हातात आली म्हणून पोस्टमन मालक होतो काय? मालक कोण ते मृत्युपत्रात लिही, बाबा." एखादा जवान म्हणे, "काका, मी घरी सांगून ठेवलंय सगळं." तर ते म्हणत, "तोंडचा शब्द तोंडासंगं जातो."

लग्नात आहेर काय, तर जाडजूड फाईल. आत प्लास्टिकचे रिकामे कप्पे, वर हळदीकुंकू. फौजी नवऱ्याच्या हातात नाही, नवरीच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "पोरी, साडी फाटेल, ही नाय फाटायची. पैला कप्पा लग्नाच्या दाखल्याचा. तो भरल्याशिवाय याला गाडीत बसू देऊ नको." मांडवातल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. एका नवरदेवाच्या आत्याने तर भर मांडवात त्यांची मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, की या माणसाला काहीतरी बाधलंय, म्हणून लग्नाच्या दिवशी मरणाचं अभद्र बोलतो. काका उभे राहिले शांतपणे. म्हणाले, "उतरा, आत्याबाई, नीट उतरा. डावीकडून ऱ्हायलं." आणि जेवायच्या पंगतीत त्याच आत्याशेजारी बसून तिच्या जावयाच्या पीएफमध्ये कुणाचं नाव लावलंय याची चौकशी केली. दोन जिलब्या संपेपर्यंत आत्याने जावयाला समोर बोलावून घेतलं होतं.

गैरहजेरीचे नियम कडक होते. बाहेर बसलेल्याने बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. फौजी पोरं हुशार. आत बायको अडली की बाहेरून खोकायची. एक खोकला म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. सरावलीच्या एका चाळीत, जिथे अर्ध्या खोल्या कारखान्यातल्या बिहारी-यूपीवाल्या कामगारांच्या, तिथे अशी गैरहजेरी चालली होती. आत विचारलं, गॅसचं कार्ड बायकोच्या नावावर आहे काय? बाहेरून खोकला. विम्याचा हप्ता भरलाय काय? पुन्हा खोकला. शेजारचा एक कामगार काळजीने बाहेर आला आणि म्हणाला, "भैया, दवाई ले लो, बहुत खाँसी है." आतून काकांचा आवाज आला, "उसको दवाई मत दो. वो मर गया है." तो बिचारा दोन पावलं मागे सरकला. मग काका दारात आले, फौजीला म्हणाले, "मेलेला माणूस खोकत नाय!" आणि कामगाराला आत बोलावून चहा दिला. जाताना त्यालाही विचारलंच, गाँव में जमीन किसके नाम पे है.

मेलेला माणूस खोकत नाय. हे ते ज्या हसऱ्या दरडावणीने म्हणत, ती लिहून दाखवता येत नाही.

आता माझ्याकडे येतो. मी कमी बोलणारा माणूस आहे आणि हे लिहायला मला बराच काळ लागला, कारण काकांबद्दल लिहायचं तर स्वतःला बाजूला ठेवता येत नाही.

माझा धाकटा भाऊ भावेश फौजेत. वडील तो शाळेत असतानाच गेले. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमची वाडी, चिकू, नारळ, थोडी पानवेल. मी बोईसरला कारखान्यात नोकरी करून वाडी बघायचो. सातबाऱ्यावर आई, मी आणि भावेश अशी तिघांची नावं, पण कारभार माझा. भावेशने पगार पाठवायचा, मी खर्च करायचा, आईने "हरेशला ठाऊक" म्हणायचं. त्याचं लग्न झालं, जागृती घरात आली, छोकरी झाली. तरी कारभार माझाच.

लग्नानंतर भावेशने मला एकच काम सांगितलं होतं. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद करून दाखला पाठवायचा, म्हणजे पलटणीच्या दप्तरात जागृतीचं नाव लागेल. मी म्हणालो, करतो. फोनवर त्याने विचारलं की म्हणायचो, "ग्रामसेवक भेटत नाय रे. कधी मीटिंगला, कधी कोळगावला जिल्हा ऑफिसात." हा ग्रामसेवक रोज सकाळी मी कामावर जाताना नाक्यावरच्या टपरीवर माझ्याशेजारी उभा राहून चहा प्यायचा. बऱ्याचदा चहाचे पैसे तोच द्यायचा.

मी असं का केलं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. भावाचं वाईट व्हावं असं माझ्या मनात कधी आलं नाही, शप्पथ. पण जागृतीचं नाव एकदा कागदावर आलं की ती विचारणार, उद्या तिच्या माहेरचे विचारणार, वाडीचे दोन तुकडे होणार. मला घर मुठीत ठेवायची सवय झाली होती. मुठीला आपण प्रेम म्हणतो, तसं मीही म्हणत होतो. भावेश तिकडे बर्फात उभा होता, आणि त्याला काही झालं असतं तर त्याची बायको पलटणीच्या दारात कुणीच नाही म्हणून उभी राहिली असती. एवढं साधं होतं ते. मला ते कळत होतं, आणि तरी मी चहा पिऊन कामावर जात होतो.

साहजिकच मी काकांना टाळायचो. सायकल दिसली की वाडीत मागच्या बाजूला जायचो. भावेश सुट्टीवर आला की काका निरोप पाठवायचे, आणि मी सांगायचो, आईला हे मरणाबिरणाचं आवडत नाही. आईला बिचारीला विचारलंच कुणी नव्हतं. शेवटी एका सुट्टीत आईच त्यांना बाजारात भेटली आणि जेवायचं आमंत्रण देऊन आली. "त्यांना बोंबलाचं कालवण आवडतं म्हणे," एवढंच म्हणाली.

काका आले. दोनदा कालवण मागून घेतलं. भावेशला क्रेटवर बसवलं, चिकूच्या झाडाखाली. आत आई, जागृती, माझी बायको दक्षा आणि मी. प्रश्न सुरू झाले आणि मी एकेक उत्तर देत गेलो. स्टार्टर कुठे, लाइटबिल कुणाच्या नावावर, भावेशचं खातं कुठल्या बँकेत, विमा किती, छोकरीचा जन्मदाखला कुठल्या कपाटात. सगळं मला पाठ. मी पहिल्या नंबराच्या पोरासारखा बोलत होतो. काका मान डोलवत होते.

"शाब्बास," ते म्हणाले. "एकदम फर्स्ट क्लास. आता तू पण बाहेर हो."

"मी?"

"तू पण नाय हायस. वाडीत नारळ पडला डोक्यात. चल, ऊठ."

"काका, नारळाचा हिशोब नंतर करा, पैला ह्याला उठवा," आई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मी उठलो. भावेशने क्रेटवर सरकून मला जागा दिली. आम्ही दोघं मेलेले भाऊ झाडाखाली बसलो आणि आतलं ऐकू लागलो.

मग काकांचा आवाज. "भावेशचा पगार कुठे जमा होतो?"

"हरेशला ठाऊक," आई.

"हरेश नाय हाय."

"मग दक्षाला."

"आमाला नाय ओ सांगत," माझी बायको म्हणाली. "इचारलं तर म्हणतात, तुला काय करायचंय."

भावेश गालात हसला. मला कोपराने ढोसलं. काकांनी पुढे विचारलं, अगदी हळू, जसं मुलीला विचारावं तसं. "जागृती, पोरी, तुझं लग्न झालंय, हे पलटणीला ठाऊक हाय काय?"

मग जागृती म्हणाली, "दादा ग्रामसेवकाला भेटणार होते. तो भेटत नाय ना."

मी खोकलो. खरंच सांगतो, मुद्दाम नाही.

"मेलेला माणूस खोकत नाय!" आतून आरोळी आली. भावेश इतका हसला की क्रेट कलंडता कलंडता राहिला. हसू ओसरल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मग विचारलं, "दादा, ग्रामसेवक खरंच भेटत नाय काय रे?"

खोटं अगदी जिभेवर तयार होतं. पण मेलेल्या माणसाने खोटं कुणासाठी बोलायचं?

"भेटतो," मी म्हणालो. "रोज भेटतो."

खाली पडलेला एक पिकला चिकू भावेशने उचलला, सदऱ्याला पुसला, मधोमध फोडला. अर्धा मला दिला. अर्धा स्वतः खाल्ला, बिया थुंकल्या. म्हणाला, "मग उद्या मला पण भेटव."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं टपरीवर गेलो. ग्रामसेवकाने मला बघून नेहमीप्रमाणे चहा सांगितला. "हे काम होतं काय? येवढ्या दिवसांत बोलला नायस कधी," तो म्हणाला. तो दाखला जागृतीने स्वतः फाईलच्या पहिल्या कप्प्यात घातला. लग्नातली ती फाईल तिने कोऱ्या साड्यांच्या खाली जपून ठेवली होती.

मग पालघरला वकिलाकडे. भावेशने मृत्युपत्र केलं. वाडीतला त्याचा हिस्सा जागृती आणि छोकरीला, आईला तिच्या नावाने वेगळी रक्कम, छोकरी सज्ञान होईपर्यंत तिचं जागृतीने बघायचं. साक्षीदार म्हणून भावेश काकांना म्हणाला, तुम्हीच सही करा. काकांनी दोन्ही कान पकडले. "साक्षीदार नेहमी मरणाऱ्यापेक्षा तरुण बघावा. मी आधी टपकलो तर कोर्टात काय माझा फोटो उभा करणार?" शेवटी आमच्या नाक्यावरचा मेडिकलवाला आणि भावेशचा शाळासोबती असे दोघे आले. सही करून मेडिकलवाला म्हणाला, "भावेश, तू गेलास तर माझं उधार कोण देईल, ते पण लिहिलंस ना?"

मृत्युपत्राचा अंमल कोण बघणार, असं वकिलाने विचारलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. काका म्हणाले, "हरेश. त्याला सगळं पाठ हाय."

मी वळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ना टोमणा, ना उपकार. भावेशने मान हलवली आणि वकिलाने माझं नाव लिहिलं. परत आल्यावर मी काकांना त्यांच्या सायकलपर्यंत सोडायला गेलो. म्हणालो, "काका, तुमाला ठाऊक होतं. ग्रामसेवकाचं."

"मी पण त्याच टपरीवर चहा पितो रे," ते म्हणाले. पेडलवर पाय ठेवला, मग थांबले. "वाडी राखणाऱ्या माणसाला वाडी आपली वाटतेच. वाटायला पायजे. फक्त आत माणसं ऱ्हातात, येवढं विसरायचं नाय." आणि घंटी वाजवत निघून गेले. पुढे कधीही त्यांनी तो विषय काढला नाही. हे मला जास्त जड गेलं.

भावेशचं सगळं नीट पार पडलं. पूर्ण नोकरी करून तो सुखरूप घरी आला. मृत्युपत्र कपाटातच पडून आहे, आणि ते तसंच बरीच वर्षं पडून राहो. वाडीचे तुकडे वगैरे काही झाले नाहीत. उलट आता चिकूच्या व्यापाऱ्याशी जागृतीच बोलते आणि तो माझ्यापेक्षा तिला जास्त घाबरतो. दक्षाने एक दिवस मला समोर बसवून माझ्या पगाराचं, पीएफचं सगळं विचारून घेतलं. म्हणाली, "मला काय करायचंय ते आता बघ."

काका स्वतःच्या घरची गैरहजेरी दसऱ्याला घेत. लोक शस्त्रं पूजतात, ते फाईल आणि पेन पूजत आणि मग आपणच उठून बाहेर क्रेटवर जाऊन बसत. आत काकी, मुलगा, सून. प्रश्न काकीच विचारायच्या आणि उत्तरंही त्याच द्यायच्या. काका बाहेरून ऐकायचे आणि मुद्दाम, नियम मोडून, खोकायचे. काकी आतून ओरडायच्या, "मेलेला माणूस खोकत नाय!" मग काका हसत आत यायचे आणि जिलबी खायचे.

मागच्या वर्षी ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मला फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. पोचलो तर घर बघून थक्क झालो. रडणं होतं, पण धावपळ नव्हती. कुठला दाखला कुठे, पेन्शनसाठी कुणाला कळवायचं, बँकेत काय न्यायचं, सुनेला माहीत, मुलाला माहीत, काकींना तर तोंडपाठ. पुढच्या दिवसांतही एक कागद कुणाला शोधावा लागला नाही. ज्या माणसाने गावोगाव हे शिकवलं, त्याचं घर त्याच्यामागे घड्याळासारखं चाललं. आम्ही फौजी घरांतली माणसं एकमेकांकडे बघून मान डोलवत होतो. काका पास झाले होते.

तेराव्याला त्यांचा वर्दीतला फोटो मांडला. मुलगा म्हणाला, फोटोपाशी मेडलं ठेवू. आणि मेडलं सापडेनात. कपाट, पेटी, फाईलींचे गठ्ठे, देवघराचा खण, सगळं बघून झालं. काकींनाही ठाऊक नव्हतं. गैरहजेरीत कधी मेडलांचा प्रश्नच आला नव्हता. काकांनी ती कधी मालमत्तेत धरलीच नव्हती.

शोधता शोधता सगळे थकून ओटीवर बसले. भावेश, जागृती, मी, ज्यांच्या ज्यांच्या घरी गैरहजेरी झाली होती ती सगळी. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण हळूहळू बोलणं थांबलं आणि एकेकाची नजर दाराकडे गेली. बाहेर आंगणात क्रेट होता, रिकामा. सगळे कान देऊन बसले होते. एक खोकला म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

काकींनी पदराने डोळे पुसले आणि आम्हा सगळ्यांकडे बघितलं.

"वाट नका बघू रे पोरांनो," त्या म्हणाल्या. "खोकायचे नाय ते. नियम त्यांचाच हाय."

आणि त्याच आधी हसल्या. मग आम्ही. तेराव्याच्या घरात, भरल्या डोळ्यांनी, दारात उभा असलेला भटजीसुद्धा.

मेडलं अजून सापडलेली नाहीत.